गुरुवारी वीज नसते

गुरुवारी रास्ता पेठेत वीज नसते,
म्हणून गुरुवार मी तेलाला ठेवलाय.
मोटर उघडायची, पितळी बुशातलं
जुनं तेल काडीनं खरवडायचं.
तेल कसलं, काकवी झालेली.
काडीला धरून येते, तुटत नाही.

उमराणीबाईंनी बुधवारी आणून टेकवला तो,
झाकणावरचा क्रोशाचा रुमाल तसाच.
"गाणारीला झोप येते यावर," म्हणाल्या,
"अंतऱ्यापर्यंत पोचतच नाही बिचारी."

रबरी चाकाला एका जागी खळगा.
बटण चालूच्या घरात ठेवून
कुणीतरी वर्षानुवर्षं विसरलेलं,
चाक दांडीला टेकून पडलं होतं,
कूस न बदलता येणाऱ्या आजाऱ्यासारखं.
जुन्या बाजारातलं दुसरं लावून पाहिलं,
ते सुपारी. शेवटी हेच
पॉलिशपेपरवर घासून गोल केलं.

शुक्रवारी वीज आली, तबकडी ठेवली,
आणि गाणारी सुटलीच.
झोप उडाली, पण आता अशी घाई
की गॅसवर दूध ठेवून आल्या असाव्यात.

सगळं साफ केल्यावर बिघाड वाढतो
तेव्हा मी आधी चहा सांगतो.

दुकानात नवे दिवे आहेत, पापणी न हलवणारे.
त्यांच्याखाली गती कळत नाही.
म्हणून कोपऱ्यात एक जुनी ट्यूब,
चोकवाली, गुणगुणणारी,
सेकंदाला शंभरदा डोळे मिटणारी.
तिच्याखाली एकशेऐंशी रेघांची चकती.
रेघा मागे सरल्या तर मंद,
पुढे धावल्या तर जलद,
आणि चकती फिरत असताना रेघा
जागच्या जागी उभ्या राहिल्या, की जमलं.
माझ्या रेघा पळत होत्या,
अलका चौकातला सिग्नल सुटल्यागत.

मग भिंग लावून दांडी पाहिली.
दांडीवर एक वेढा: चिकटपट्टी.
दवाखान्यातली, कापडी,
टोक तिरकं कापलेलं,
जखमेवरची सुटू नये म्हणून कापतात तसं.

फोन केला. "हो, ह्यांचंच काम.
कंपाउंडर होते ना, भवानी पेठेत.
तबकडी काळी चारच्या खाली उतरायला लागली
की मी पेटीवर सूर धरून बसायचे,
आणि हे कात्री घेऊन.
आता गुंडाळणारं कोण?"

म्हणजे पट्टी चुकीची नव्हती.
तेल घट्ट होत गेलं, त्यांनी दांडी जाड केली,
दोन आजार एकमेकांना धरून
इतकी वर्षं सुरात चालले.
मी शहाण्यानं एक बरा केला.

अंगठ्याच्या नखानं पट्टी सोडवली.
खाली पितळ नवंकोरं निघालं.

शनिवारी बाई आल्या.
मी ट्यूब लावली, रेघा दाखवल्या,
रेघा उभ्या, जराही हलेनात.
त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
डोळे मिटून घशातल्या घशात सा लावला,
तबकडीतल्या सा-ची वाट पाहिली.
आला. दोघी एका जागी थांबल्या.
"हं," म्हणाल्या. एवढंच प्रशस्तिपत्र.

पट्टी काडेपेटीत ठेवली होती, दिली.
बोटाच्या पेरावर लावून पाहिली त्यांनी,
चिकटेना.
"बिल किती?"
"साडेतीनशे."
"ह्यांची मजुरी वजा करा."
सव्वातीनशे घेतले.

रिक्षात यंत्र मांडीवर घेऊन बसल्या.
दारूवाला पुलाच्या वळणापर्यंत
मला त्यांचा आवाज येत होता:
"मीटर पळतंय तुमचं."
"नवीन आहे मावशी, कालच बसवलंय."
"नवीन असेल. पळतंय."